मॅट्रिकचे विषय आणि मुलींची वाट

आपल्या मंडळाची स्मरणिका निघायची ठरली की कार्यकारिणीतील भगिनी एकेकीला विषय वाटून देतात. कोणाकडे पाककृती जातात, कोणाकडे सणवार आणि व्रते. या खेपेस माझ्या वाट्याला 'जुन्या काळचे काहीतरी' आले. माझे स्वतःचे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा राजेराजवाड्यांच्या इतिहासात न शिरता, आपल्या घराघरांत दर जून महिन्यात ज्याची चर्चा चालते तोच विषय मी घेतला आहे. शेवटच्या परीक्षेला कोणते विषय असावेत, किती विषयांत पास व्हावे लागते, आणि त्या विषयांवर पुढची कोणती वाट मोकळी होते, हा तो विषय. प्रश्न आजचा वाटतो खरा. पण आपल्या महाराष्ट्रात तो दीडशे वर्षांहून जुना आहे. आणि मुलींच्या बाबतीत तर तो फार जपून समजून घेण्यासारखा आहे.

आपल्या आजी-पणजीच्या तोंडी 'मॅट्रिक' हा शब्द असे. ही मॅट्रिक आली कोठून? मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. कॉलेजात कोणाला घ्यायचे हे ठरविण्यासाठी विद्यापीठाने एक प्रवेश परीक्षा ठेवली, तीच मॅट्रिक. पहिली परीक्षा १८५९ साली झाली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि डॉक्टर रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही त्या पहिल्याच तुकडीतले, आणि १८६२ साली जे पहिले पदवीधर झाले त्यांतही हे दोघे होते. परीक्षेचे विषय मोजकेच असत. इंग्रजी, दुसरी एक भाषा, गणित, आणि इतिहास-भूगोलासारखे सामान्य ज्ञान.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ही परीक्षा शाळेची नव्हती, विद्यापीठाची होती. शाळेत मुलाने काय शिकावे हे कॉलेजच्या गरजेवरून ठरू लागले. कॉलेजात सगळे इंग्रजीतून, म्हणून शाळेत इंग्रजीवर भर. पुढे सरकारी कचेऱ्याही मॅट्रिकचा दाखला मागू लागल्या. मग ज्याला कॉलेजात जायचेच नाही त्यालाही मॅट्रिक व्हावेसे वाटू लागले. परीक्षा एका कामासाठी निघाली आणि तिचा उपयोग दुसऱ्याच कामासाठी होऊ लागला. एका विषयात गेलेला मुलगा नापासच धरला जाई, आणि 'नॉन-मॅट्रिक' हा शिक्का आयुष्यभर नावामागे राही.

मॅट्रिकच्या खाली मराठी शाळेची एक वेगळी पायरी होती. आरंभी मराठी सहावीची आणि पुढे सातवीची परीक्षा असे. सातवीच्या परीक्षेला लोक 'फायनल' म्हणत. फायनल पास झालेल्याला प्राथमिक शाळेत मास्तरकी मिळे. म्हणजे ज्या सातवीवर आज कोठे नाव नोंदवावे असा प्रश्न पडतो, त्या सातवीला एके काळी गावात चांगला मान होता.

या परीक्षांच्या अटी किती काटेकोर असत, याची एक गोष्ट महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या चरित्रात आहे. कर्वे कोकणातील मुरूडचे. मराठी सहावीच्या परीक्षेसाठी ते गावच्या सोबत्यांबरोबर कुंभार्ली घाट चढून पायी साताऱ्याला गेले. शंभर मैलांहून अधिक वाट त्यांनी तुडविली. तेथे परीक्षकांनी त्यांच्याकडे पाहिले आणि हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही म्हणून परीक्षेला बसू दिले नाही. अभ्यास तयार होता. पण अट वयाची होती आणि अंगकाठी लहान होती. पुढे त्यांनी ती परीक्षा कोल्हापुरास दिली, आणि १८८१ साली, वयाची विशी उलटल्यावर, ते मॅट्रिक झाले. दारापर्यंत जाऊन परत फिरणे म्हणजे काय हे ज्याने तरुणपणी सोसले, त्याच माणसाने पुढे बायकांसाठी नवे दार बांधले. त्याविषयी पुढे सांगतेच.

आता मुलींकडे वळू. सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी पुण्यात १८४८ साली मुलींची शाळा काढली हे आपण सर्वजणी जाणतो. परंतु मुलींच्या शाळा बराच काळ प्राथमिकच राहिल्या. मॅट्रिकच्या नियमात मुलींना बसता येईल की नाही याचा विचारच कोणी केला नव्हता, कारण मुलगी इतकी शिकेल हेच कोणाच्या मनात आले नव्हते. कलकत्ता विद्यापीठाने थोडे आधी मुलींना परीक्षेस घेतले आणि कादंबिनी बसू व चंद्रमुखी बसू या दोघी १८८३ साली पदवीधर झाल्या. मुंबई विद्यापीठाने स्त्रियांसाठी परीक्षा खुल्या केल्या त्या १८८३ मध्येच. त्यानंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून कॉर्नेलिया सोराबजी पदवी परीक्षा पास झाल्या. मुंबई विद्यापीठाच्या त्या पहिल्या स्त्री पदवीधर. गुण इतके उत्तम की त्यांच्या जागी मुलगा असता तर विलायतेला जाण्याची शिष्यवृत्ती मिळाली असती. बाई म्हणून ती नाकारण्यात आली. दुसऱ्यांनी मदत केली तेव्हा त्या विलायतेस जाऊन कायदा शिकल्या. तरी हिंदुस्थानात स्त्रियांना वकिली करण्याची मोकळीक कायद्याने मिळाली ती १९२३ साली. अभ्यासाची अट पुरी केली तरी दार उघडेलच असे नाही, हा धडा पहिल्याच बाईला मिळाला.

मुलींनी मॅट्रिकला बसायचे तर त्यांना हायस्कूल हवे. ते पुण्यात १८८४ साली निघाले. हुजुरांच्या पागेच्या जागेवरून तिला 'हुजूरपागा' हे नाव पडले. संस्थापकांत रानडे आणि भांडारकर होतेच, वामनराव मोडक आणि शंकर पांडुरंग पंडित हेही होते. आपण ज्या परीक्षेतून गेलो तिच्यातून मुलींनीही जावे, म्हणून इंग्रजी, गणित, संस्कृत हे विषय मुलींनाही शिकवावेत, असे त्यांचे म्हणणे. यावर मोठा वाद पेटला. लोकमान्य टिळक आणि त्यांचा 'केसरी' विरुद्ध बाजूला होते. मुलींना मुलांचाच अभ्यासक्रम कशाला, त्यांना मराठी वाचन, धर्मनीती, शिवणकाम असे घराच्या उपयोगाचे शिकवावे, अकरा ते पाच शाळेत बसविल्यास घरची कामे कोण करील, असा त्या बाजूचा रोख होता.

आज हे वाचून आपल्याला राग येतो. परंतु त्या काळचे घर डोळ्यांपुढे आणा. मुलीचे लग्न दहाव्या-बाराव्या वर्षी होत असे. पहाटे पाणी भरण्यापासून रात्रीची भांडी होईपर्यंत सासरी कामाला खळ नसे. अशा मुलीने सात-आठ वर्षे हायस्कुलात काढून मॅट्रिक व्हावे, हे ऐकून लोकांना नवल वाटणे साहजिक होते. मला मात्र या वादात दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. मुलींनी कोणते विषय शिकावेत यावर सभा झाल्या, लेख झाले. पण मुलींना कोणी विचारले नाही. आणि विषय ठरविताना 'आज हिच्या घरी कशाचा उपयोग' एवढेच पाहिले गेले. 'उद्या हिच्यावर वेळ आली तर हिच्या हाती काय असेल' हे पाहणारे थोडे होते.

त्या थोड्यांपैकी एक अण्णासाहेब कर्वे. १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला आणि पुढे तो हिंगण्याला नेला. त्यांच्याकडे येणाऱ्या बायका लहान मुली नव्हत्या. कोणी अठरा वर्षांची, कोणी पंचविशीची. काहींना अक्षरओळखही नसे. अशा बाईला बाराखडीपासून आरंभ करून, परक्या भाषेतून, मॅट्रिकपर्यंत नेणे म्हणजे तिचे निम्मे तारुण्य त्यातच जायचे. कर्व्यांच्या वाचनात जपानमधील स्त्रियांच्या विद्यापीठाची माहिती आली. १९१५ साली मुंबईच्या सामाजिक परिषदेचे अध्यक्ष म्हणून त्यांनी स्त्रियांच्या वेगळ्या विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ साली ते विद्यापीठ हिंगण्याला सुरूही केले. पहिल्या वर्षी कॉलेजात विद्यार्थिनी होत्या पाच. कुलपती होते तेच डॉक्टर भांडारकर आणि कुलगुरू होते रँग्लर परांजपे.

या विद्यापीठाने विषयांची मांडणी बदलली. शिकविण्याची भाषा मराठी, म्हणजे ज्या त्या मुलीची मातृभाषा. इंग्रजी सोडले नाही, पण ते एक विषय म्हणून ठेवले. गृहजीवनशास्त्र आणि आरोग्यशास्त्र सर्वांना सक्तीचे केले. गणित आणि पदार्थविज्ञान ज्यांना हवे त्यांनी घ्यावे, अशी मुभा ठेवली. गंमत पाहा. कर्वे स्वतः फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. कुलगुरू परांजपे तर केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले आलेले. गणिताची गोडी ज्यांना सर्वांत अधिक, त्यांनीच बायकांना गणितातून मोकळे केले! उशिरा आलेल्या बाईचे वर्ष वाया जाऊ नये, एका विषयापायी ती घरी परत जाऊ नये, एवढाच त्यात हेतू होता. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे नाव मिळाले. आपण ज्याला एस.एन.डी.टी. म्हणतो ते हेच.

सोयीचा अभ्यासक्रम मिळाला, हजारो बायका शिकल्या, हे ऋण कोणी नाकारू नये. पण त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. या विद्यापीठाची पदवी 'गृहीतागमा' नावाची होती. नाव सुंदर; परंतु सरकारने आणि इतर विद्यापीठांनी ती बी.ए.च्या बरोबरीची मानली नाही. विद्यापीठ स्वतंत्र बुद्धीचे, सरकारी मान्यतेवाचून उभे राहिलेले, म्हणून त्याच्या विद्यार्थिनींना बाहेर पडल्यावर अडचण येई. कायद्याने मान्यता मिळाली ती १९४९ च्या कायद्याने, आणि तो १९५१ पासून अमलात आला. मधली पस्तीस वर्षे, शिकणे एक आणि मान्य होणे दुसरे, असे चालले. आतली वाट मऊ होती, पण ती जेथे संपे तेथून पुढच्या रस्त्याला लागायला फाटा नव्हता.

उशिरा शिकणाऱ्या बायकांसाठी झटणारे आणखीही होते. रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांच्या पुढाकाराने १९०९ साली पुण्यात सेवासदन निघाले. तेथे मोठ्या वयाच्या बायकांचे वर्ग चालत आणि शिक्षिका तयार होत. मद्रासेकडे दुर्गाबाईंनी स्वतः मोठेपणी बनारसच्या विद्यापीठाची मॅट्रिक दिली आणि त्याच परीक्षेसाठी इतर मुलींची तयारी करून घेता घेता १९३७ च्या सुमारास आंध्र महिला सभा उभी केली. पुढे त्या चिंतामणराव देशमुखांच्या पत्नी झाल्या, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या सूनबाई. १९५३ साली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले तेव्हा त्याच्या पहिल्या अध्यक्षा दुर्गाबाईच होत्या. त्या मंडळाने १९५८ साली प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त अभ्यासक्रम काढला. शाळा सुटलेल्या बाईकडून दोन वर्षांत तयारी करून घ्यायची आणि तिला नेहमीच्याच परीक्षेला बसवायचे, अशी ती योजना. यात मला एक फार शहाणपण दिसते. परीक्षा सोपी केली नाही, वेगळीही केली नाही. तयारीची वाट तेवढी जवळची केली. दाखला मिळाला तो सगळ्यांसारखाच.

इकडे मॅट्रिकही बदलली. मुंबई राज्याने १९४८ च्या कायद्याने शालान्त परीक्षेचे मंडळ नेमले आणि १९४९ पासून विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या जागी एस.एस.सी. आली. ती अकरावीच्या अखेरीस असे. आता ही परीक्षा केवळ कॉलेजचा दरवाजा राहिली नाही. शाळेचे शिक्षण पुरे झाले असे सांगणारी परीक्षा झाली, आणि ऐच्छिक विषयांची संख्या वाढली. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळेत सात शाखा असाव्यात असे सुचविले. साहित्य, विज्ञान, तांत्रिक, व्यापार, शेती, ललितकला आणि सातवी गृहशास्त्र. कागदावर सातही सर्वांसाठी. प्रत्यक्षात सातवी कोणाच्या वाट्याला आली हे सांगायला नको.

आमच्या आळीतील एक काकू जुन्या अकरावीच्या अगदी शेवटच्या तुकडीतल्या. त्या सांगतात, "अगं, विषय निवडायचा म्हणजे काय, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. बाईंनी विचारलं, घरच्यांनी सांगितलं, गृहशास्त्र लिहून आलो. डॉक्टरीण व्हायचं तर कोणता विषय लागतो हे पास झाल्यावर कळलं." त्यांना स्वयंपाक आणि शिवण उत्तम येत होते, आईने घरीच शिकविले होते. शाळेत पुन्हा तेच शिकल्या, आणि जे घरी कोणी शिकविणार नव्हते ते राहून गेले.

ही गोष्ट त्या वेळी शहाण्या माणसांच्या लक्षात आली होती. हंसाबेन मेहता यांच्या अध्यक्षतेखाली १९६० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत एक समिती बसली. मुलगे आणि मुली यांचे अभ्यासक्रम वेगळे असावेत काय, एवढाच तिच्यापुढे प्रश्न होता. हंसाबेन म्हणजे १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 'सर्व पुरुष' असा शब्द येऊ न देता 'सर्व मानव' असा घालायला लावणाऱ्या बाई. त्यांच्या समितीने सांगितले की शाळेत मुलामुलींचा अभ्यासक्रम एकच असावा. घरकामाचे शास्त्र शिकवायचे तर ते मुलग्यांनाही शिकवावे. मागोमाग १९६४ ते १९६६ या काळात कोठारी आयोग झाला. त्याचे सचिव जे. पी. नाईक आपल्या कोल्हापूरकडचे. आयोगाने ही शिफारस उचलून धरली आणि पहिली दहा वर्षे गणित व विज्ञान सर्वांना सक्तीचे असावे असे म्हटले.

महाराष्ट्रात दहावीची नवी पद्धत आली तेव्हा हे प्रत्यक्षात उतरले. मार्च १९७५ मध्ये जुन्या अकरावीची आणि नव्या दहावीची अशा दोन्ही परीक्षा एकाच वर्षी झाल्या. आमच्या काकू आणि त्यांची धाकटी बहीण एकाच वर्षी एस.एस.सी. झाल्या, एक अकरावीतून आणि एक दहावीतून! काकूंच्या मागे गणित नव्हते, बहिणीच्या मागे होते. पुढे बहीण बँकेत लागली. काकूही हुशारच, पण बँकेच्या परीक्षेतील गणित पाहून अर्ज भरायला त्या धजल्या नाहीत. दोन बहिणी, एक घर, एकच बाप. फरक अभ्यासक्रमाचा.

यावरून मला वाटते ते असे. मुलीला एखादा विषय जड जातो म्हणून तो काढून घेणे ही दया वाटते. पण त्या विषयापुढची दारेही त्याबरोबर बंद होतात, आणि ते तेव्हा कोणी सांगत नाही. कर्व्यांनी विषय ऐच्छिक केला तो पंचविशीत आलेल्या बाईसाठी, जिच्याजवळ वेळच नव्हता. आपण मात्र चौदा वर्षांच्या पोरीला तीच सवलत देतो, जिच्याजवळ वेळच वेळ आहे.

हा प्रश्न संपलेला नाही. मधली काही वर्षे आपल्या शालान्त मंडळाने नववी-दहावीला 'सामान्य गणित' असा सोपा पर्याय दिला होता. नववीला तो २०१७-१८ पासून बंद झाला. २०२४ च्या राज्याच्या आराखड्यात पुन्हा असे सुचविले गेले की गणित-विज्ञानात शंभरापैकी वीस गुण मिळाले तरी मुलाला पुढे जाऊ द्यावे, मात्र त्या विषयांची शाखा त्याला घेता येणार नाही असा शेरा गुणपत्रकावर असावा. नापासाचा शिक्का पुसणे चांगलेच आहे. परंतु त्या शेऱ्याचा अर्थ मुलीला आणि तिच्या आईला आधी नीट कळला पाहिजे, मग तिने ठरवावे.

दहावीनंतर तर निवड आलीच. आर्ट्स, कॉमर्स, सायन्स एवढेच आपण बोलतो. त्याच्या आतही वाटा आहेत. कॉमर्सला गणित घ्यायचे की एस.पी., हे अकरावीच्या पहिल्या आठवड्यात ठरून जाते, आणि 'एस.पी. सोपे' एवढ्या एका वाक्यावर ठरते. आर्ट्समध्येही गणित घेता येते हे कितीजणींना ठाऊक आहे? आमच्या शेजारच्या एका मुलीला नर्स व्हायचे होते. तिने आर्ट्स घेतले, बारावी चांगली झाली, आणि मग कळले की बी.एस्सी. नर्सिंगला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र लागते. मुलगी जिद्दीची. जी.एन.एम.ला कोणत्याही शाखेची बारावी चालते, इंग्रजी तेवढे हवे, हे तिने शोधून काढले, तो कोर्स केला आणि आज नोकरीत आहे. त्यावर पुढे दोन वर्षांची पोस्ट बेसिक पदवीही करता येते. तिला वाट सापडली. ती आधी ठाऊक असती तर दोन-तीन वर्षे वाचली असती. २०२४ पासून सरकारने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ठरावीक प्रवर्गांतील मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी माफ केली आहे. फीचा अडसर निघाला. पण जी मुलगी प्रवेशाच्या विषयांतच बसत नाही तिला त्या माफीचा काय उपयोग?

आता थोडे आपल्यासारख्यांविषयी, ज्या सातवी-आठवीला थांबल्या. दाराची उंची वाढत गेली आहे. एके काळी सातवीवर मास्तरीण होता येई. आज प्राथमिक शिक्षिकेला बारावी आणि वर डी.एड. हवे. अंगणवाडी मदतनिसाला काल-परवापर्यंत सातवी पुरत असे. २०२३ पासून सेविका आणि मदतनीस दोघींना बारावी लागते. हे ऐकून आमच्या मंडळातील दोघीतिघींचे चेहरे उतरले ते मी पाहिले आहेत. काम त्याच बाईला उत्तम जमते, पण दाखला नाही.

परंतु वाट आहे. बाहेरून दहावीला बसण्यासाठी १७ नंबरचा फॉर्म असतो. पाचवी पास असल्याचा शाळा सोडल्याचा दाखला आणि वयाची चौदा वर्षे पूर्ण, एवढ्यावर तो भरता येतो. वरच्या वयाची आडकाठी नाही. फॉर्म मंडळाच्या संकेतस्थळावर भरायचा आणि जवळची एक शाळा केंद्र म्हणून मिळते. साधारणपणे प्रत्येक विषयात शंभरापैकी पस्तीस हवेत. दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची, जे १९८९ मध्ये निघाले. तेथे पाच विषय, त्यांत एक तरी भाषा, बाकीचे आपल्या निवडीचे. आणि एकेक विषय करीत पाच वर्षांत नऊ वेळा बसता येते. तेथे गणितावाचूनही दहावी होता येते. ज्या बाईला केवळ दहावीचा दाखला हवा तिला हे सोयीचे. पण जिला पुढे पॉलिटेक्निकसारखे काही करायचे आहे तिने गणित सोडू नये. कोणती वाट घ्यायची हे आपण कोठे जाणार त्यावरून ठरवावे, केवळ कोणती सोपी त्यावरून नव्हे.

मंडळापुढे मी एक सूचना ठेवते. आपण हळदीकुंकवाला वाण लुटतो, सहली काढतो, ते चालूच राहो. त्याबरोबर एक साधी वही मंडळात ठेवू या. नर्स, अंगणवाडी, शिक्षिका, पोलीस भरती, पॉलिटेक्निक, अशा आपल्या मुलींनी जाव्यात अशा प्रत्येक जागेला कोणती इयत्ता, कोणते विषय, किती गुण आणि किती वय लागते ते तीत लिहून ठेवू. अटी बदलतात, म्हणून दर मे महिन्यात कोणीतरी एकीने ती तपासावी. निकाल लागला की आसपासच्या मुलींना आणि त्यांच्या आयांना बोलावून ती वही वाचून दाखवावी. ज्या भगिनींना १७ नंबरचा फॉर्म भरायचा असेल त्यांचा दुपारचा वर्ग आपल्याच खोलीत घेऊ. शेजारच्या निवृत्त बाईंनी गणित शिकविण्याचे कबूल केले आहे, आणि पहिले नाव माझेच घालावे असे मी त्यांना सांगून ठेवले आहे.

रानड्यांनी मुलींना मुलांचेच विषय दिले, कर्व्यांनी बायकांना सोयीचे विषय दिले, दुर्गाबाईंनी जवळची वाट दिली. तिघांचेही आपल्यावर उपकार आहेत. आता विषय कोणी देण्याची वाट न पाहता, आपण विचारून, वाचून, मोजून ते घ्यावेत. मुलीच्या फॉर्मवर सही करण्यापूर्वी त्या फॉर्मच्या पुढची दोन पाने आईने वाचावीत, एवढेच माझे मागणे आहे.